दिव्याची पारख

सुवर्णमहोत्सवाची तयारी सुरू झाली की कोणत्याही संस्थेत दोन तऱ्हेच्या सूचना येऊ लागतात. काही सूचना संस्थेने आजवर काय केले ह्याचे स्मरण ठेवणाऱ्या असतात, तर काही नव्या पिढीला काय आवडेल ह्याचा विचार करणाऱ्या असतात. आपल्या मंडळातही तसेच झाले. महोत्सवाच्या सांगतेला आणि पुढे दरवर्षी गणेशोत्सवात उपयोगी पडावे म्हणून लेसर-प्रकाशाचा खेळ दाखवणारे एक मोठे यंत्र मंडळाने विकत घ्यावे, अशी सूचना तरुण सभासदांनी मांडली. सूचनेचे स्वागत झाले. पण दरपत्रके हाती आल्यावर कार्यकारिणी बुचकळ्यात पडली. प्रत्येक पत्रकावर 'दहा वॅट', 'वीस वॅट' असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले होते, आणि एकाच आकड्याच्या दोन यंत्रांच्या किमतींत मात्र कित्येक पटींचे अंतर होते. वर्गणीतून जमलेला पैसा खर्च करताना ह्यांतले चांगले कोणते हे ओळखावे कसे, असा प्रश्न उभा राहिला.

प्रस्तुत लेखक विज्ञानाचा पदवीधर नव्हे. कला शाखेची पदवी आणि सरकारी कचेरीत खरेदीच्या फायली हाताळताना आलेला अनुभव, एवढीच त्याची शिदोरी आहे. तथापि इतिहासाची आवड असल्यामुळे एक गोष्ट त्याच्या ध्यानी आली, ती अशी की दिव्याची पारख करण्याचा हा प्रश्न मुळीच नवा नाही. महाराष्ट्रात आणि ह्या तमिळ भूमीत, आपल्या आधीच्या अनेक पिढ्यांनी प्रकाशाची यंत्रे विकत घेतली, पदरचा पैसा घातला, आणि कोणता दिवा चांगला ह्याचा निर्णय केला. त्यांनी तो कसा केला हे पाहिल्यास आपलाही मार्ग सोपा होईल.

प्रारंभ आपल्याच माणसांपासून करावा. तमिळनाडूत 'तोलु बोम्मलाट्टम्' किंवा 'तोल्पावैक्कूत्तु' ह्या नावाने ओळखला जाणारा चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आहे. हा खेळ परंपरेने करणारी अनेक कुटुंबे मंडिगर समाजातील असून, त्यांची घरची बोली मराठीच्या वळणाची आहे. तंजावरावर भोसले घराण्याचे राज्य असतानाच्या काळाशी ह्या समाजाच्या आगमनाचा संबंध जोडला जातो. चेन्नईत नोकरीनिमित्त आलेल्या आपल्यासारख्या मंडळींच्या कितीतरी आधी मराठी बोलणारी माणसे येथे पडदा बांधून, त्यामागे तेलाचा दिवा लावून रामायण दाखवीत होती, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी.

ह्या खेळात दिव्याची परीक्षा कशी होत असे? ज्योत मोठी असणे म्हणजे दिवा चांगला असणे नव्हे. ज्योत फार मोठी झाली की बाहुलीच्या छायेची कड फाटते, धूर होतो आणि चामडे तापते. चामडे इतके पातळ कमावलेले असते की त्यावरचे रंग पडद्यातून उजळून दिसावेत; त्यासाठी ज्योत स्थिर, एका जागी गोळा झालेली आणि बाहुलीपासून योग्य अंतरावर असावी लागते. शिवाय पडदा मध्ये असल्यामुळे ती ज्योत थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांवर येत नाही. चांगल्या प्रकाशखेळाची सारी लक्षणे ह्या साध्या मांडणीत आलेली आहेत: स्थिर ज्योत, रेखीव कड, खरे रंग आणि प्रेक्षकाच्या डोळ्यांची काळजी.

डोळ्यांचा विषय निघाला आहे तर तंजावरच्याच दुसऱ्या सरफोजीराजांचे स्मरण करणे अगत्याचे आहे. १७९८ ते १८३२ पर्यंत गादीवर असलेल्या ह्या विद्याव्यासंगी राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, हे सर्वश्रुत आहे. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकीय संस्था चालवली आणि नेत्ररोगांवरील उपचारांची टिपणे ठेवली, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे व त्यांसोबतच्या नोंदी आजही त्या ग्रंथालयात आहेत, आणि चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. ह्याच राजाने १८१४-१५ च्या सुमारास, नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ, तंजावरच्या समुद्रकिनाऱ्यावर 'मनोरा' नावाचा आठ मजली बुरूज उभारला. दीपस्तंभ म्हणूनही त्याचा उपयोग झाल्याचे सांगतात. एकाच राजाने दूरवर दिसणारा दिवाही उभारावा आणि दृष्टीचीही चिंता वाहावी, हा योग आजच्या आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठा सूचक आहे.

दीपस्तंभांविषयी बोलायचे तर ते शिकण्यासाठी चेन्नईसारखे शहर नाही. येथे एकामागून एक चार दीपस्तंभ झाले. पहिला दिवा १७९६ साली सेंट जॉर्ज किल्ल्यात, आज जेथे संग्रहालय आहे त्या इमारतीच्या माथ्यावर लागला. त्यात खोबरेल तेलाच्या वाती जळत. दुसऱ्यासाठी किल्ल्याच्या उत्तरेस ग्रॅनाइटचा उंच ग्रीक पद्धतीचा स्तंभ उभारला गेला आणि १८४४ साली त्यावर दिवा लागला. हा स्तंभ उच्च न्यायालयाच्या आवारात अजून उभा आहे. तिसरा दिवा १८९४ साली खुद्द उच्च न्यायालयाच्या सर्वांत उंच घुमटावर चढला आणि १९७७ पर्यंत तेथेच राहिला. त्या वर्षी मरीना किनाऱ्यावरील आजचा दीपस्तंभ सुरू झाला.

ह्या चार दिव्यांच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, सुधारणा केवळ इंधनात झाली नाही. वात कितीही मोठी केली तरी तिचा उजेड चारी दिशांना सांडतो आणि अंतर दुप्पट झाले की चौथाईवर येतो. खरी क्रांती केली ती भिंगाने. फ्रेंच शास्त्रज्ञ ओगुस्तँ फ्रेनेल ह्यांनी काचेच्या वर्तुळाकार लोलकांची रचना करून सांडणारा उजेड एका झोतात गोळा केला. १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपस्तंभावर तिचा प्रथम उपयोग झाला. पुढे बर्मिंगहॅमच्या चान्स ब्रदर्स ह्या कारखान्याने जगभर अशी भिंगे पुरवली; मद्रासच्या उच्च न्यायालयावरील दिव्याची सामग्रीही त्याच कारखान्याची. खलाशाला दिव्यात किती तेल जळते ह्याच्याशी कर्तव्य नसते. किती कोसांवरून दिसतो, आणि त्याची उघडझाप ठरल्या वेळी होते की नाही, एवढेच तो पाहतो. सारांश, दिव्यात जाणारी शक्ती व दिव्यातून कामी येणारा प्रकाश ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरपत्रकातील वॅटचा आकडा वाचताना हा पहिला धडा विसरता कामा नये.

आता खेळाच्या दिव्यांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचेवरील चित्र भिंगातून पडद्यावर टाकणारा 'जादूचा कंदील' हिंदुस्थानात आला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी त्याला मराठी रूप दिले आणि १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' ह्या नावाने त्याचे प्रयोग केले. 'शांबरी' म्हणजे मायाविद्या. नावापासूनच त्यांनी वस्तू आपलीशी केली. काचेच्या लहान पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे, एकापेक्षा अधिक कंदील आणि त्यांची चपळ हालचाल ह्यांतून पडद्यावरची पात्रे हलल्याचा भास होत असे. परदेशी कंदील पुष्कळांनी विकत घेतले असतील. पण पटवर्धनांचे नाव राहिले, कारण यंत्राला काय दाखवायचे ते त्यांनी स्वतः तयार केले. चित्रांवाचून कंदील म्हणजे नुसता तापणारा डबा.

१८९६ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचे खेळ झाले. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, ह्यांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून २१ गिनींना कॅमेरा मागवला, आणि १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. इकडे मद्रासलाही १८९६-९७ च्या सुमारास व्हिक्टोरिया पब्लिक हॉलमध्ये चलच्चित्रे दाखवली जाऊ लागली. सेंट्रल स्टेशनजवळची ही तांबडी इमारत आपण येता-जाता पाहतो.

त्या काळच्या प्रक्षेपकांत दिवा हाच सर्वांत नाजूक व धोक्याचा भाग होता. कोणी चुन्याचा खडा ज्वालेत तापवून पांढरा उजेड काढीत, कोणी ईथरची वाफ जाळीत. १८९७ च्या मे महिन्यात पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रक्षेपकाच्या दिव्यात ईथर भरताना काडी ओढली गेली आणि भडकलेल्या आगीत सव्वाशेच्या आसपास माणसे, बहुतांशी स्त्रिया, प्राणांस मुकली. चित्रे उत्तम होती, पडदा उत्तम होता; परंतु चालवणारा अडाणी, जागा कोंदट आणि बाहेर पडण्याच्या वाटा अपुऱ्या. यंत्राची प्रत ठरवताना ते कोणाच्या हाती व कोणत्या मंडपात चालणार हाही हिशेब धरावा लागतो, हे जगाने त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन शिकले.

दक्षिणेतील दोन खरेदीदारांची उदाहरणे बोलकी आहेत. १९०५ साली तिरुचिरापल्ली येथे साउथ इंडियन रेल्वेत कारकुनी करणारे सामिकण्णु विन्सेंट ह्यांनी द्यूपाँ नावाच्या फिरत्या फ्रेंच गृहस्थाकडून प्रक्षेपक व काही चित्रपट विकत घेतले. यंत्र जुने होते, परंतु ते चालताना पाहून आणि चालवण्याची रीत समजून घेऊन झालेली ती खरेदी होती. विन्सेंट तंबू घेऊन गावोगाव फिरले आणि पुढे कोइंबतूरला त्यांनी व्हरायटी हॉल हे चित्रपटगृह उभारले. दुसरे मद्रासचे छायाचित्रकार रघुपती वेंकय्या. त्यांनी १९०९-१० च्या सुमारास आपला स्टुडिओ गहाण ठेवून ३०,००० रुपयांना ध्वनीसह चित्रे दाखवणारे 'क्रोनोमेगाफोन' नावाचे यंत्र मागवले, अशी नोंद आहे. व्हिक्टोरिया पब्लिक हॉलमध्ये खेळ झाले. नंतर यंत्र घेऊन ते श्रीलंका व ब्रह्मदेशापर्यंत फिरले, आणि परत आल्यावर १९१४ साली मद्रासला त्यांनी गेइटी थिएटर बांधले. एकाची खरेदी स्वस्त, दुसऱ्याची अतिशय महाग. दोघेही यशस्वी झाले. किंमत ही गुणाची खूण नव्हे, तसेच स्वस्ताई हीही नव्हे. दोघांनीही यंत्र कोनाड्यात ठेवले नाही, ते स्वतः चालवले, हेच त्यांच्या यशाचे समान सूत्र दिसते.

परंतु खरेदीचा वस्तुपाठ म्हणून ज्यांच्याकडे पाहावे ते धुंडिराज गोविंद फाळके. १९११ साली मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांनी ह्या धंद्यात पडण्याचे ठरवले. त्यानंतर कित्येक महिने रोज चार-पाच तास चित्रपट पाहणे, उरलेल्या वेळी प्रयोग करणे आणि अल्प झोप ह्यांमुळे त्यांचे डोळे जवळजवळ गेले, डॉ. प्रभाकर ह्यांच्या उपचाराने ते परत मिळाले. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून १९१२ च्या प्रारंभी ते लंडनला गेले. तेथे दुकानात शिरून पहिला दिसेल तो कॅमेरा त्यांनी घेतला नाही. 'बायस्कोप' ह्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न ह्यांना ते भेटले, त्यांच्या मध्यस्थीने सेसिल हेपवर्थ ह्यांचा स्टुडिओ पाहिला, जाणत्यांचा सल्ला घेतला, आणि मग विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले. परत आल्यावर लगेच पौराणिक चित्रपट काढण्याच्या भरीस ते पडले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ त्यांनी चित्रित केली. यंत्राची, आपल्या हाताची आणि विषयाची अशी तिहेरी परीक्षा त्या लहानशा चित्राने झाली. भांडवल मिळाले तेही ते दाखवूनच. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' झाला तो त्यानंतर. जाणत्याला विचारावे, यंत्र चालताना पाहावे, आणि मोठ्या कामापूर्वी लहान काम करून पाहावे, हा फाळक्यांचा क्रम आजही जुना झालेला नाही.

आता लेसर. १९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन ह्यांनी पहिला लेसर प्रज्वलित केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९६४ साली, बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूचा बलवान लेसर पुढे आला. त्याचे जनक चंद्र कुमार पटेल ह्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या शासकीय महाविद्यालयातले, ही गोष्ट आपल्याला अभिमानाची आहे. हा लेसर पोलाद कापू शकतो. पण त्याचा किरण अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसतच नाही. शक्ती अफाट, उजेड शून्य! 'अधिक वॅट म्हणजे अधिक उजेड' ह्या समजुतीला ह्याहून चोख उत्तर कोणते?

मनोरंजनासाठी लेसरचा नियमित खेळ १९७३ साली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत 'लेझेरियम' ह्या नावाने सुरू झाला. तेथील क्रिप्टॉन वायूचा लेसर सुमारे एका वॅटचा होता. तेवढ्यावर तारांगणाच्या घुमटावर संगीताच्या तालावर रंगीत रेषा नाचू लागल्या आणि हा खेळ वर्षानुवर्षे चालला. प्रेक्षक अंधारात बसत, आणि किरण घुमटावर पडत. आज आपल्या दरपत्रकांत दहा-वीस वॅट आहेत. मग त्या एका वॅटात काय होते जे विसात नसण्याचा संभव आहे? त्याचे उत्तर यंत्राच्या पोटात शिरूनच द्यावे लागेल.

आजच्या यंत्रात तांबडा, हिरवा व निळा असे तीन लेसर असतात. त्यांच्या मिश्रणातून इतर रंग होतात. आपला डोळा सर्व रंगांना सारखा दाद देत नाही. हिरव्याला तो सर्वाधिक, निळ्याला अत्यल्प संवेदनशील असतो. तांबड्यातही भेद आहे: ६३८ नॅनोमीटर लांबीच्या लहरीचा तांबडा हा ६५० च्या तांबड्यापेक्षा, शक्ती तेवढीच असता, जवळजवळ दुप्पट उजळ दिसतो. निळी शक्ती स्वस्तात मिळते. म्हणून काही विक्रेते निळ्याचे वॅट वाढवून एकूण आकडा फुगवतात. अशा यंत्राचा पांढरा रंग पांढरा न दिसता निळसर दिसतो. यास्तव पहिला प्रश्न हा विचारावा की, तिन्ही रंगांची शक्ती वेगवेगळी किती, लहरीची लांबी किती, आणि ती यंत्राच्या तोंडाशी मोजलेली आहे की आतल्या भागांची नुसती बेरीज आहे?

दुसरी गोष्ट झोताच्या फाकण्याची. लेसरचा किरणही थोडा फाकतो व ते फाकणे मिलिरेडियनमध्ये सांगतात. एक मिलिरेडियन फाकणारा झोत शंभर मीटरवर दहा सेंटिमीटरने रुंदावतो. कमी फाकणारा लहान लेसर दूरवर रेखीव रेघ काढतो, आणि अधिक फाकणारा मोठा लेसर तेथे नुसता पसरट डाग पाडतो. दीपस्तंभाच्या भिंगाचाच हा धडा होय.

तिसरी गोष्ट आरशांची. दोन इवलेसे आरसे अतिवेगाने हलून एका किरणाची चित्रे करतात. त्यांचा वेग 'सेकंदाला ३०,००० बिंदू' असा सांगतात. परंतु तो किती अंशांच्या कोनात हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. सामान्यतः हे माप ८ अंशांवर दिले जाते. १९८६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय लेसर प्रदर्शन संघटनेने ह्यासाठी एक कसोटीचे चित्र ठरवून दिले आहे. त्यात चौकोन व वर्तुळ असते. आरसे योग्य वेगाने चालत असतील तर वर्तुळ चौकोनाच्या बाजूंना नेमके टेकते. आरसे मंद असतील तर चित्र लुकलुकते आणि देवनागरी अक्षरांचे कोपरे गोल होतात. आपल्याला 'श्री गणेशाय नमः' ही अक्षरे उमटवायची आहेत, तेव्हा शिरोरेषा सरळ येते की लाटेसारखी, हे विक्रेत्यासमोरच पाहून घ्यावे.

चौथी गोष्ट रंग मंद-तेज होण्याची. हलक्या यंत्रात प्रत्येक रंग केवळ पेटतो वा विझतो, त्यामुळे मोजकेच सात रंग मिळतात. चांगल्या यंत्रात प्रत्येक रंग हळूहळू वाढवता-घटवता येतो. पाचवी, आणि चेन्नईत विशेष महत्त्वाची, गोष्ट उष्णतेची. येथील मे महिन्याचा उकाडा व खारी दमट हवा दोन्ही ह्या यंत्रांस मानवत नाहीत. तापल्यावर तांबडा रंग सर्वांत आधी मंदावतो. म्हणून प्रात्यक्षिक पाच मिनिटांचे पाहू नये. यंत्र तासभर सलग चालवून आरंभीचा व शेवटचा पांढरा रंग ताडून पाहावा.

येथवर झाली चित्राच्या गुणाची चर्चा. परंतु ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती पुढेच आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत लेसरचे झोत सर्रास आले. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकांनंतर दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण नेत्रतज्ज्ञांकडे आले. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातूनही अशाच बातम्या आल्या. त्या वर्षी पुणे पोलिसांनी उत्सवात अशा झोतांना मनाई केली. लोकमान्यांनी १८९३ साली ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्या उत्सवातून कोणी अंधुक दृष्टी घेऊन घरी परतावे, ह्याहून खेदाची गोष्ट कोणती?

ह्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. साध्या दिव्याचा उजेड डोळ्यांत शिरताना पसरलेला असतो. लेसरचा किरण डोळ्याच्या भिंगाने दृष्टिपटलावर एका सूक्ष्म बिंदूत गोळा होतो. दिसणाऱ्या लेसरपैकी एक मिलिवॅटपर्यंतचा किरण, पापणी मिटण्याच्या पाव सेकंदाच्या आत, सहसा इजा करीत नाही असे मानतात. दहा वॅट म्हणजे त्याच्या दहा हजार पट. अर्धा वॅट ओलांडला की लेसर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या, वर्गात मोडतो. दृष्टिपटलाला वेदना नसते. त्यामुळे भाजल्याचे त्या क्षणी कळतही नाही, आणि जळलेला भाग पुन्हा उगवत नाही. मिरवणुकीत खांद्यावर बसलेले मूल झोताच्या उंचीवर असते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

म्हणून सुरक्षिततेची साधने ही शोभेची जोड नव्हे, तो गुणवत्तेचाच भाग आहे. यंत्राला किल्ली आहे काय? एका दाबासरशी सर्व किरण बंद करणारे, चालकाच्या हाताशी असणारे बटण आहे काय? आरसे अडकून किरण एका जागी थबकला तर तो आपोआप बंद होतो काय? विशिष्ट रेषेखाली झोत येऊच नये म्हणून पुढे धातूची झडप आहे काय? ह्यांपैकी एकाचेही उत्तर 'नाही' असेल, तर ते यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि सर्व उत्तरे 'होय' असली तरी किरण प्रेक्षकांच्या डोक्यांवरून, भिंतीवर किंवा पडद्यावरच जावेत. झोत आकाशात सोडण्याचा मोह तर चेन्नईत मुळीच धरू नये. २०२५ साली येथे उतरणाऱ्या विमानांवर लेसरचे झोत पडल्याच्या तक्रारी झाल्या आणि पोलिसांना विमानतळाच्या परिसरात त्यांस बंदी करावी लागली.

शेवटी खरेदीच्या रीतीविषयी. सरकारी कचेरीत तांत्रिक वस्तू घेताना दोन लिफाफ्यांची पद्धत असते. एका लिफाफ्यात वस्तूचे गुण, दुसऱ्यात दर. गुणांच्या कसोटीला उतरणाऱ्यांचाच दुसरा लिफाफा उघडायचा. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारावी हा नियम लोकांना ठाऊक असतो, पण तो पात्र ठरलेल्यांपुरताच आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. आपल्या मंडळानेही असेच करावे. वर सांगितलेल्या कसोट्या आधी कागदावर लिहाव्यात, आपल्याच सभागृहात, आपल्याच अक्षरांसह तासभराचे प्रात्यक्षिक मागावे, दुरुस्ती चेन्नईत होते की यंत्र परदेशी पाठवावे लागते हे लेखी घ्यावे, आणि मगच दर पाहावा. दोन सभासदांनी यंत्र चालवण्याचे रीतसर शिक्षण घेतल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

त्याआधी, फाळक्यांनी वाटाणा पेरला तसे, एक लहान काम करावे. महोत्सवासाठी यंत्र विकत न घेता जाणत्या चालकासह भाड्याने आणावे आणि भिंतीवर दहा मिनिटांचा खेळ करावा. त्यासाठी विषय आपला असावा: तंजावरचा मनोरा, उच्च न्यायालयावरचा दिवा, कल्याणची खरोलिका. त्याच संध्याकाळी तमिळनाडूतील छायाबाहुल्यांचा एखादा संच बोलवावा, म्हणजे मराठीच्या वळणाचे शब्द बोलणाऱ्या त्या कलावंतांशी आपल्या मुलांची ओळख होईल. दोन्ही खेळ पाहून मुलांना काय आवडले ते त्यांनाच विचारावे. तो कौल, तासभर चाललेल्या यंत्राचा पांढरा रंग आणि सुखरूप घरी गेलेले प्रेक्षक, ह्या तीन गोष्टी हाती आल्यावर खरेदीचा ठराव कार्यकारिणीपुढे यावा. तोवर वर्गणीचा पैसा बँकेत सुरक्षित आहे.